कळव्याची वीज व कळव्याचा मजूर

१

ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं, सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास, मुंबई शहर एकाएकीं थांबलें. लोकल गाड्या जेथल्या तेथें रुळांवर उभ्या राहिल्या, रुग्णालयांना आपापल्या जनित्रांचा आश्रय करावा लागला. आणि साथीच्या दिवसांमुळें मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ज्या परीक्षा विद्यार्थी घरोघर यंत्रासमोर बसून देत होते, त्या पुढें ढकलणें भाग पडलें. दुपारीं पुरवठा हळूहळू पूर्ववत् होऊं लागला तेव्हां लोकांस कारण समजलें. पडघें व कळवा यांच्या दरम्यानच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर बिघाड झाला होता. ज्या गांवाचें नांव मुंबईकरानें आजवर गाडीच्या खिडकींतून, ठाणें सोडल्यावर लागणारें एक लहान स्थानक म्हणून फार तर वाचलें होतें, तें त्या दिवशीं सर्वांच्या तोंडीं झालें.

प्रसंग लौकरच विस्मरणांत गेला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. शक्ति, मजुरी, स्थलांतर आणि शिक्षण हे चार विषय आपल्याकडे चार निरनिराळ्या खात्यांत व चार निरनिराळ्या चोपड्यांत लिहिले जातात. वीज मोजणारा मनुष्य वेगळा, मजुरी मोजणारा वेगळा. शिरगणतीचा अधिकारी शाळेच्या पटाकडे पाहत नाहीं व शाळातपासनीस विजेच्या तारेकडे पाहत नाहीं. कळव्यासारख्या गांवीं मात्र हे चारही विषय एकाच कुटुंबांत व एकाच पिढींत सांपडतात. बाप ज्या कारखान्यासाठीं गांव सोडून आला तो विजेवर चालतो. ज्या डोंगराच्या उतारावर त्यानें खोली बांधली त्याच डोंगरावरून विजेच्या तारा जातात. आणि मुलगा शाळेंत टिकला कीं नाहीं यावर घराची पुढच्या पिढीची मजुरी ठरते. या चार चोपड्या एके ठिकाणीं ठेवून वाचल्या असतां काय दिसतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें आहे. गेल्या पावणेदोनशें वर्षांत आपल्या प्रांतांत शक्तीचें साधन ज्या ज्या वेळीं बदललें, त्या त्या वेळीं मजुराच्या हातांचा हिशेब आधीं झाला आणि त्याच्या मुलाच्या शाळेचा हिशेब निदान एक पिढी उशिरानें झाला. ही दिरंगाई अटळ होती असें मानण्यास इतिहासांत आधार नाहीं.

२

कळवा हें ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें गांव. मूळची वस्ती आगरी व कोळी यांची. खाडींतील मासळी, खाजणांतील भात आणि मिठागरें यांवर तिचा निर्वाह. राजकीय इतिहासांत या परिसराचें नांव येतें तें १७३७ सालच्या मोहिमेमुळें. त्या वर्षीं मराठ्यांनीं खाडीपलीकडचा ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला. आर्थिक इतिहास मात्र त्यानंतर शंभरावर वर्षांनीं येथें पोंचला, आणि तो लोखंडी रुळांवरून आला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास थांबली, हें शाळेंतील मुलांसही पाठ असतें. ती खाडी ओलांडून कळव्याच्या भूमीवर आली व पारसिकच्या डोंगराला मुंब्र्याकडून वळसा घालून कल्याणास जाऊं लागली, तो १ मे १८५४ चा दिवस मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो. वस्तुतः अर्थशास्त्राच्या दृष्टीनें दुसरी तारीख पहिलीपेक्षां अधिक महत्त्वाची आहे. ठाण्यापर्यंतचा लोहमार्ग साष्टीच्या बेटांतच राहिला होता. तो प्रथम मुख्य भूमीला लागला तो कळव्यास. मुंबईच्या गिरणीला देशावरचा कापूस आणि देशावरचा माणूस हे दोन्ही ज्या दारानें पुढें मिळावयाचे होते, तें दार येथें उघडलें. याच १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

हे रूळ घातले कोणीं? बर्कलेसाहेबांचें नांव मुख्य इंजिनियर म्हणून इतिहासांत राहिलें, आणि तें योग्यच आहे. परंतु कल्याणच्या पुढें बोरघाट फोडण्याचें काम चाललें होतें तेव्हां जानेवारी १८६१ मध्यें त्यावर सुमारें ४२,००० मजूर राबत होते. पुरुष सुरुंगाचीं भोंकें पाडीत, बायका व मुलें दगडमाती वाहत. पटकीनें आणि तापानें माणसें मरत, तीं किती मेलीं याचा आंकडा ज्या काटेकोरपणें फुटांचा व पौंडांचा आंकडा ठेवला गेला त्या काटेकोरपणें ठेवला गेला नाहीं. पुढें डोंगराचा वळसा चुकविण्यासाठीं पारसिकचा बोगदा खणण्यांत आला; सुमारें १·३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा १९१६ सालीं खुला झाला. आजही लांब पल्ल्याची गाडी कळव्याजवळून त्यांत शिरते आणि दिव्याच्या बाजूस बाहेर पडते. प्रवाशाचीं कांहीं मिनिटें त्यामुळें वांचतात. तो खणणाऱ्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत, आणि त्यांचीं मुलें कोणत्या शाळेंत गेलीं हा प्रश्न त्या काळीं कोणाच्या मनांतही आला नसेल.

३

कोळशाच्या युगांत मजुराचा दिवस सूर्यानें मोजला जाई. गिरणी वाफेवर चाले हें खरें. तथापि उजेड सूर्याचा असल्यामुळें उन्हाळ्यांत कामाचा दिवस मोठा व हिंवाळ्यांत लहान असे. या दिवसाला मर्यादा घालण्याचा पहिला संघटित प्रयत्न ज्यानें केला तो पुरुष याच ठाण्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतलें. म्हणजे हिंदी मजूर चळवळीचा हा आद्य पुरुष स्वतःच एका स्थलांतरित घरांतला होता. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं परळ येथें गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेवला. त्यांतील मागण्या आज वाचतांना त्यांचा साधेपणा मनांत भरतो. रविवारची सुटी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. आणि कामावर अपघात झाला तर कांहीं भरपाई मिळावी. रविवारची सुटी १० जून १८९० रोजीं मान्य झाली.

‘सूर्यास्तास संपावें’ या मागणीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी विनंती आहे. कारण पुढें जें घडलें त्यानें सूर्यास्ताचा अर्थच नाहींसा केला. गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा हें सुधारणेचें चिन्ह म्हणून आपण मानतों. गिरणींत तो कामाचे तास वाढविण्याचें साधन झाला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत कामाचा दिवस साडेचौदा-पंधरा तासांपर्यंत गेला, कामगारांत असंतोष माजला, चौकश्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणण्यांत आला. १९२२ सालीं आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ सालीं चौपन्न, व १९४८ सालीं अठ्ठेचाळीस. दिव्यानें वाढविलेला दिवस कायद्यानें पुन्हां आंखडण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. शक्तीचें नवें साधन तटस्थ असतें. त्याचा लाभ कोणास व्हावयाचा हें तें साधन ठरवीत नाहीं, समाज ठरवितो. आणि समाजानें ठरविण्यास उशीर केला कीं तो लाभ जो बलवान् असेल त्याच्याकडे आपोआप जातो.

लहान मुलांची कथा याहून बोधप्रद आहे. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलास कारखान्यांत घेण्यास बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ सालीं वयाची खालची मर्यादा नऊ झाली आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सात झाले. पण उरलेल्या तासांचें मुलानें काय करावें, याविषयीं कायदा मूक होता. ब्रिटनमध्यें १८३३ च्या कायद्यानेंच कारखान्यांतील लहान मुलांस रोज दोन तास शाळा सक्तीची केली होती. तो कायदा करणारें पार्लमेंट व आपल्यावर राज्य करणारें पार्लमेंट एकच होतें. तरी ४८ वर्षांनंतर झालेल्या हिंदी कायद्यांत तें कलम उतरलें नाहीं. तेव्हां कल्पनेचा अभाव होता असें म्हणतां येत नाहीं. कल्पना कपाटांत तयार होती. ती येथल्या मुलासाठीं बाहेर काढावी असें वाटलें नाहीं.

४

आतां पाण्याच्या विजेकडे वळूं. जमशेटजी टाटा यांच्या मनांत घोळत असलेली योजना त्यांच्या पश्चात् सिद्धीस गेली. लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधून त्यांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस सोडण्यांत आलें आणि १९१५ सालीं तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. १९२२ सालीं भिवपुरीचें व १९२७ सालीं भिऱ्याचें केंद्र सुरू झालें. धूर नाहीं, राख नाहीं, बंगाल्याहून कोळसा आणणें नाहीं. अशा या विजेचें कौतुक त्या काळच्या लोकांनीं केलें तें समजण्यासारखें आहे. परंतु भिऱ्याच्या विजेसाठीं मुळशी खोऱ्यांतील मावळ्यांचीं शेतें व घरें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं तेथें सत्याग्रह सुरू झाला आणि पुढें सेनापति बापट यांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें. धरण अर्थातच झालें.

याच १९२१ सालीं मुंबई सरकारनें मजूर कचेरी स्थापन केली, आणि त्या कचेरीनें मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पहिली मोठी पाहणी हातीं घेतली. २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेब तपासून १९२३ सालीं जो अहवाल निघाला, तो आपल्या प्रांतांतील सामाजिक संशोधनाचा एक पायाच म्हणावा लागेल. ९७ टक्के कुटुंबें एका खोलींत राहत होतीं. ४७ टक्के कर्जांत होतीं. कामगार जें धान्य खातो तें दुष्काळांतील मदतकार्यावर दिल्या जाणाऱ्या कमाल शिध्याइतकें असलें तरी मुंबईच्या तुरुंगांतील कैद्याच्या शिध्याहून कमी आहे, हा त्यांतील निष्कर्ष अनेकांस झोंबला. त्याच वर्षींच्या शिरगणतींत असें दिसलें कीं मुंबईच्या शंभर रहिवाशांपैकीं अवघे सोळा त्या शहरांत जन्मले होते. बाकीचे सारे बाहेरचे. आणि बाहेरच्यांत सर्वांत मोठा वांटा रत्नागिरी जिल्ह्याचा.

हे दोन प्रसंग एकाच वर्षांतले असून एकाचा दुसऱ्याशीं कोणीं संबंध जोडला नाहीं. मुळशीचा शेतकरी ज्या विजेसाठीं उठवला गेला ती वीज ज्या गिरणीस गेली, त्या गिरणींतल्या मजुराचा शिधा मोजला गेला. पण ज्याची जमीन बुडाली तो कोणत्या गिरणीच्या दाराशीं गेला, याचा रकाना कोणत्याच तक्त्यांत नव्हता. अहवाल लिहिणाऱ्यांना दोष देण्याचा येथें उद्देश नाहीं. त्यांनीं जें मोजलें तें प्रामाणिकपणें मोजलें. तथापि संशोधनास जो रकाना सुचत नाहीं तो पुढें धोरणासही सुचत नाहीं, हें यावरून शिकण्यासारखें आहे. स्वातंत्र्यानंतर कोयनेच्या बाबतींत हेंच पुन्हां घडलें. पोफळीच्या भूमिगत केंद्रांतून १९६२ सालीं वीज निघाली आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीचा ती कणा झाली. शिवाजीसागरांत ज्यांचीं गांवें गेलीं त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न मात्र त्यांच्या नातवंडांच्या वयापर्यंत रेंगाळले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यांत झाला तो १९७६ सालीं.

विजेनें मजुराचें आणखी एक स्थलांतर घडविलें, त्याकडे अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें कमी गेलें आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धांवली. १९२९ सालीं ठाकुर्लीजवळ चोळें येथें रेल्वेनें स्वतःचें वीजगृह उभारलें. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत तें बंद झालें, पण अर्ध्या शतकावर त्यानें गाड्या चालविल्या. विजेच्या गाडीमुळें गिरणीपासून दूर राहणें शक्य झालें. परळच्या एका खोलींतली दाटी कमी झाली नाहीं, तिचा कांहीं भाग गाडीच्या डब्यांत गेला. पूर्वीचा कोंकणी मनुष्य वर्षांतून एकदां शिमग्याला किंवा गणपतीला स्थलांतर करी. कळव्याचा, मुंब्र्याचा, डोंबिवलीचा मनुष्य तें रोज दोनदां करूं लागला. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ शेजारच्या रुळांवरून विरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांशीं लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व त्यांतले कांहीं दगावले, तेव्हां या रोजच्या स्थलांतराची किंमत सर्वांसमोर आली.

५

शिक्षणाच्या इतिहासाकडे आतां पाहूं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें त्याचा गाभा अर्थशास्त्रीयच होता. सरकारचा महसूल बहुतांशीं कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो व तो खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें अशी त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. विरोध करणारे सर्वच सरकारी नव्हते. मुलें शाळेंत गेलीं तर शेतावर मजूर कोठून मिळणार, ही जमीनदार वर्गाची भीति त्यामागें होती. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं नगरपालिकांस सक्ति करण्याची मुभा देणारा कायदा झाला. सबंध देशांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला तो १ एप्रिल २०१० पासून. फुल्यांच्या निवेदनापासून या दिवसापर्यंत १२७ वर्षें लोटलीं. मुंबईचा गिरणीधंदा या मुदतींत वाढला, भरभराटीस आला आणि अस्तासही गेला.

या चित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. विजेनें शिक्षणाचें नुकसानच केलें असें कोणी म्हणेल तर तें अन्यायाचें होईल. १९११ सालीं स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगनें नारायण मल्हार जोशी यांच्या नेतृत्वाखालीं कामगारांसाठीं रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. पुढें अशा शाळा विजेच्या दिव्याखालीं भरूं लागल्या आणि गिरणगांवांतून शिकलेले कारकून, शिक्षक, लेखक व पुढारी निघाले. स्थलांतर म्हणजे केवळ दुर्दैव असेंही नाहीं. गांवांत ज्यास जातीनें विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं, त्यास शहरानें निदान तिकिटाच्या रांगेंत बरोबरीनें उभें केलें. कळव्याच्या चाळींतील आई आपल्या मुलास शाळेंत घालण्यासाठींच गांव सोडून आली असें अनेकदां आढळतें. म्हणून स्थलांतर थांबवावें असा उपदेश करणें व्यर्थ आहे. तें थांबणार नाहीं, आणि थांबूंही नये. प्रश्न एवढाच, कीं मजुराबरोबर त्याच्या मुलाची शाळाही त्याच गाडीनें येते कीं मागें राहते.

६

कळव्याच्या अलीकडच्या साठ वर्षांत हा प्रश्न कसा उभा राहिला, तें पाहूं. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. खाडीच्या अलीकडे वागळे इस्टेट व पलीकडे ठाणें-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा औद्योगिक वसाहत उभी राहिली. मुकंदचें पोलाद, सीमेन्सचीं विजेचीं उपकरणें आणि पुढें दिघें, ऐरोलीपर्यंत रसायनांचे व इतर कारखाने आले. खाजणें व भातशेतें गेलीं. आगरी तरुण प्रथमच वेळेच्या भोंग्यावर चालूं लागला. त्याच्याबरोबर घाटावरचा, कोंकणांतला, खानदेशांतला, आणि पुढें उत्तर हिंदुस्थानांतला मजूर आला. पारसिकच्या डोंगराचा दगड मुंबईच्या इमारतींसाठीं फोडणारे वडार आले. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो कधीं रीतसर संपलाच नाहीं. त्याच वर्षीं १ ऑक्टोबरला ठाणें महानगरपालिका अस्तित्वांत आली व कळवा तींत सामील झाला. परळ-लालबागची खोली विकून किंवा सोडून जीं कुटुंबें मध्य रेल्वेच्या पुढच्या पुढच्या स्थानकांकडे सरकलीं, त्यांतलीं कांहीं येथें स्थिरावलीं. एका उद्योगाचा अस्त झाला तेव्हां त्याचे लोक दुसऱ्या उद्योगाच्या सांवलींत आले. पण तोंवर त्या दुसऱ्या उद्योगाचेही कायमचे कामगार घटून कंत्राटी मजूर वाढूं लागले होते.

याच रस्त्यावर राज्याचें भार प्रेषण केंद्र आहे. पत्ता ऐरोलीचा असला तरी तें कळव्याच्या नांवानें ओळखलें जातें. राज्यांत कोठें किती वीज निर्माण होते व कोठें किती लागते याचा तोल येथें रात्रंदिवस सांभाळला जातो. वीज ही कोठारांत भरून ठेवण्याजोगी वस्तु नसल्यामुळें निर्मिति व मागणी यांचा मेळ क्षणोक्षणीं बसवावा लागतो. तो बिघडला कीं ५० हर्ट्झची आवर्तनसंख्या ढळते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागाचें वेळापत्रक आंखलेलें असतें. मोठा बिघाड झाल्यास मुंबईनें बाहेरील जाळ्यापासून तुटून आपल्यापुरत्या विजेवर उभें राहावें अशी एक व्यवस्थाही पूर्वींपासून आहे. तिला बेट करणें म्हणतात. सात बेटें जोडून झालेलें हें शहर संकटकाळीं पुन्हां बेट होऊं पाहतें. १२ ऑक्टोबर २०२० ला तें साधलें नाहीं.

ज्या परिसरांत सबंध राज्याच्या विजेचा इतका सूक्ष्म हिशेब होतो, त्याच परिसरांत घरोघरच्या विजेचा हिशेब मात्र लागत नव्हता. शीळ, मुंब्रा व कळवा विभागांत वीजगळती व थकबाकी मोठी, म्हणून १ मार्च २०२० पासून येथील वितरण एका खासगी कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. त्यावर वाद झाले, आंदोलनें झालीं. त्यांच्या गुणदोषांत न शिरतां एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. ज्या वस्तींत घराचा कागदच पक्का नसतो, तेथें विजेचा रीतसर मीटर, शाळेचा दाखला आणि शिधापत्रिका या तिन्हींच्या वाटेंत एकच अडथळा असतो. जुलै २०२१ मध्यें कळवा पूर्वेस घोलाईनगर येथें दरड कोसळून पांच माणसें गेलीं. डोंगराच्या उतारावर राहणें ही कोणाची आवड नसते. कारखान्यानें मजूर बोलावला, त्याच्या घराचा विचार कोणीं केला नाहीं, त्या विसरलेल्या विचाराची ती जागा होय.

आणि शाळा? या वस्तींतल्या मुलाच्या घरची भाषा मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगु यांपैकीं कोणतीही असूं शकते. तीन वर्षें एका माध्यमाच्या शाळेंत काढून तो बापाचें काम बदललें म्हणून दुसऱ्या गांवीं जातो व तेथें पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करतो. जे यांतून तरून महाविद्यालयापर्यंत येतात ते प्रस्तुत लेखकाच्याही वर्गांत बसलेले आहेत. पहिल्या बांकावर बसणारा, उत्तरें मनापासून लिहिणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षीं दिसेनासा होतो. पुढें कधीं स्थानकावर भेटला तर म्हणतो, ‘‘सर, कामाला लागलों.’’ त्याच्या बोलण्यांत खंत नसते. घर चालविण्याचा त्यास अभिमानच असतो, आणि तो असावाही. खंत वाटावयाची ती आपणांस, कारण त्याच्या कामाची मजुरी त्या सुटलेल्या दोन वर्षांमुळें आयुष्यभर कमी राहते.

७

उपाय नाहींत असें नाहीं. आपल्याच प्रांतांत कांहीं लोकांनीं शाळा मुलाच्या मागें नेऊन दाखविली आहे. ठाणें जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनें चालविलेल्या भोंगाशाळा, पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींवरील पाषाणशाळा, ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठींच्या साखरशाळा हीं त्याचीं उदाहरणें. मूल गांवीं नसेल तर तें जेथें असेल तेथें फळा उभा करावयाचा, एवढीच त्यांतील कल्पना. पुढें शिक्षणहक्काच्या कायद्यानें कोणत्याही वेळीं, वयाप्रमाणें वर्गांत प्रवेश व एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जाण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे तत्त्व ठरलें आहे, नमुनाही तयार आहे. राहिलें आहे तें जमाखर्चांत नांव घालणें.

प्रस्तुत लेखकाची सूचना साधी आहे. वीजकेंद्र, कारखाना, लोहमार्ग, धरण यांपैकीं कोणतेंही मोठें काम निघालें कीं त्याच्या अंदाजपत्रकांत सिमेंट, लोखंड व मजुरी यांच्याबरोबर मजुरांच्या मुलांच्या शाळेची एक बाब असावी, आणि तिचा खर्च धर्मादाय म्हणून न मांडतां कामाच्या किंमतीचाच भाग म्हणून मांडावा. यानें काम महाग होईल असा आक्षेप येईल. १९१२ सालीं गोखल्यांच्या बिलावर हाच आक्षेप होता, आणि १८८४ सालीं लोखंड्यांच्या रविवारच्या मागणीवरही हाच होता. रविवारची सुटी मिळाल्यानें गिरण्या बुडाल्या नाहींत. विश्रांति मिळालेला मजूर अधिक चांगलें काम करतो, हें आज कोणास सिद्ध करून दाखवावें लागत नाहीं. शिकलेल्या मजुराविषयीं तें अजून सिद्ध करावें लागतें, याचें मात्र नवल वाटतें.

दुसरी सूचना संशोधकांस आहे. १९२३ च्या पाहणीनंतर आपल्या विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून मजुरांच्या, शहरांच्या व खेड्यांच्या अनेक पाहण्या झाल्या; १९३० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेनें तर ही विद्या आपल्या भूमींत रुजविली. परंतु विजेची वाहिनी जेथून निघते तेथपासून ती जेथें पोंचते तेथपर्यंत माणसांच्या दोन-तीन पिढ्यांचा माग घेणारी पाहणी आपल्याकडे व्हावयास पाहिजे. कोयनेच्या अगर मुळशीच्या विस्थापिताचा नातू आणि पारसिकच्या उतारावरील भाडेकरूचा मुलगा यांचे शाळेचे दाखले एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. त्या कामास कळव्याइतकें योग्य ठिकाण क्वचितच मिळेल.

कळव्याच्या केंद्रांत दिवसाच्या ९६ भागांपैकीं प्रत्येक भागांत कोठें किती मेगावॅट कमी पडली, हें तत्काळ सांगतां येतें आणि ती तूट भरून काढण्याची तजवीजही तत्काळ होते. त्या केंद्रापासून हांकेच्या अंतरावरील वस्तींत या वर्षीं किती मुलें मध्येंच शाळा सोडून गेलीं व तीं आज कोठें आहेत, हें सांगणारी वही कोणाजवळ आहे? ती वही तयार करणें अवघड नाहीं. ती पाहिजे आहे असें मात्र आधीं ठरविलें पाहिजे.